पिवळी संयुगे आणि विझणारा प्रकाश: सीएफटीआरच्या वायएफपी चाचणीतील ‘हिट’ कितपत खरे मानावेत?

कातरवेळ (प्रश्न)

नमस्कार. मी पीएच.डी.च्या दुसऱ्या वर्षाला असून पेशींतील प्रथिनाचे कार्य बदलणारी संयुगे प्रतिदीप्तीच्या साहाय्याने शोधण्याचे काम करते आहे. प्रयोगशाळेत आपण जिला सर्रास फ्लुओरेसन्स म्हणतो तीच ही प्रतिदीप्ती. माझे प्रथिन आहे सीएफटीआर, म्हणजे सिस्टिक फायब्रोसिस या आनुवंशिक आजारात बिघडणारे क्लोराइडचे चॅनेल. बिघाड सर्वांत परिचित असा एफ५०८डेल आहे. त्यात १,४८० अमिनो आम्लांच्या साखळीतून ५०८ व्या स्थानावरचे एकच फेनिलअ‍ॅलनिन गळलेले असते आणि तेवढ्यामुळे प्रथिनाची घडी नीट बसत नाही, म्हणून पेशी ते पृष्ठभागावर पोहोचण्याआधीच अडवून नष्ट करते. घडी सुधारून प्रथिनाला पृष्ठभागापर्यंत नेणारे रेणू, म्हणजे करेक्टर, मी शोधते आहे.

चाचणी जुनी आणि प्रस्थापित आहे. एफआरटी, म्हणजे उंदराच्या थायरॉइडपासून वाढवलेल्या, पेशींत एफ५०८डेल सीएफटीआर आणि पिवळा प्रकाश देणारे वायएफपी हे प्रथिन एकत्र कायमचे बसवलेले आहे. हे वायएफपी म्हणजे एच१४८क्यू आणि आय१५२एल असे दोन बदल केलेला प्रकार असून आयोडाइड चिकटताच त्याचा प्रकाश मंदावतो. ९६ खळग्यांच्या काळ्या प्लेटमध्ये पेशी १० मायक्रोमोलर संयुगासह २४ तास ठेवते, धुते, नंतर फोर्स्कोलिन २० मायक्रोमोलर आणि जेनिस्टीन ५० मायक्रोमोलर घालून चॅनेल उघडवते. यंत्रात २ सेकंद मूळ प्रकाश मोजला जातो, मग आयोडाइडचे द्रावण सोडले जाते आणि पुढचे १२ सेकंद नोंद चालू राहते. प्रकाश जितक्या वेगाने विझेल तितके आयोडाइड आत शिरले, म्हणजे तितके चॅनेल पृष्ठभागावर आहेत, असा हिशेब.

माझ्याकडे वनस्पतिजन्य ३२० शुद्ध संयुगांचा संच आहे. पहिल्या फेरीत ११ संयुगांत प्रकाश स्पष्टपणे अधिक वेगाने विझला, म्हणजे ती ‘हिट’ ठरली. अडचण अशी की या ११ पैकी ७ संयुगे डोळ्यांना पिवळी दिसतात आणि त्यांत हळदीतले कर्क्युमिनही आहे. एका सहकाऱ्याचे म्हणणे असे की पिवळे संयुग पिवळ्या प्रकाशाच्या चाचणीत आले की ते खोटेच समजावे आणि सातही टाकून द्यावीत. मार्गदर्शक मॅडम म्हणतात की चाचणी पुन्हा करून पाहा. पण चूक जर संयुगाच्या रंगातच असेल, तर ती पुन्हा केल्यावरही तशीच येणार, अशी मला शंका आहे. माझ्या प्लेटचा झेड-प्राइम ०.६२ आहे, तेव्हा चाचणी मुळात ठीक असावी. खरे-खोटे वेगळे कसे करावे, आणि कोणत्या क्रमाने, हे कोणी अनुभवी सांगेल का?

---

तिसरी_प्लेट

आपली शंका रास्त आहे, आणि सहकाऱ्याचा सल्ला मला घाईचा वाटतो. पुन्हा केलेली चाचणी यादृच्छिक चूक पकडते. पद्धतीत मुरलेली चूक ती जशीच्या तशी पुन्हा दाखवते, वर तिच्यावर खात्रीचा शिक्काही मारते.

आधी झेड-प्राइमविषयी. ही संख्या १९९९ मध्ये मांडली गेली आणि ती फक्त एवढेच सांगते की धन व ऋण नियंत्रणांच्या (परिणाम हमखास देणाऱ्या आणि मुळीच न देणाऱ्या तुलनेच्या नमुन्यांच्या) सरासरींतले अंतर त्यांच्या विखुरणीच्या मानाने पुरेसे आहे की नाही. ०.५ च्या वर असेल तर प्लेट चांगली. परंतु आपल्या नियंत्रणांच्या खळग्यांत पिवळे संयुग नाहीच, तेव्हा ०.६२ ही प्लेटची, पिपेटची आणि आपल्या हाताची प्रशस्ती आहे, संयुगांविषयी तिला काही ठाऊक नाही.

आता रंगाचा प्रश्न नीट उकलून पाहू, कारण त्यात तीन वेगळ्या गोष्टी एकत्र गुंतल्या आहेत आणि त्यांचे परिणाम एकमेकांच्या उलट आहेत.

पहिली गोष्ट, संयुग प्रकाश शोषते. वायएफपीला उजळवण्यासाठी पाठवलेला किंवा त्याने परत दिलेला प्रकाश ते वाटेतच खाते. समजा, संयुग नसताना मूळ वाचन १,००० आणि १२ सेकंदांनी ६०० येते, म्हणजे घट ४० टक्के. संयुगाने निम्मा प्रकाश खाल्ला तर वाचने ५०० आणि ३०० येतील. घट पुन्हा ४० टक्केच. मूळ वाचनाने भागले की हा दोष गुणाकाराच्या रूपातला असल्यामुळे निघून जातो.

दुसरी गोष्ट, संयुग स्वतःच चमकते. समजा त्याने आपले १,००० जोडले. आता वाचने २,००० आणि १,६०० येतात आणि घट फक्त २० टक्के दिसते. हा दोष बेरजेचा आहे, भागाकाराने तो जात नाही. पण परिणामाची दिशा पाहा: स्वतः चमकणारे संयुग खऱ्या करेक्टरला निकामी भासवते. आपल्या चाचणीत चमकणाऱ्या रेणूंमुळे खोटे हिट येण्यापेक्षा खरे हिट हुकण्याचा धोका मोठा आहे. सहकाऱ्याने ही दिशा तपासलेली दिसत नाही. मी तर असे सुचवीन की सात पिवळी संयुगे टाकण्याऐवजी उरलेल्या ३०९ पैकी ज्यांचे मूळ वाचन संशयास्पद रीतीने जास्त होते ती पुन्हा काढावीत.

मग पिवळी संयुगे वर आली ती कशामुळे? तिसरी गोष्ट इथे येते. आयोडाइड हा जड अणू आहे आणि तो केवळ वायएफपीलाच नव्हे तर इतरही अनेक चमकणाऱ्या रेणूंना विझवतो. क्विनीनच्या द्रावणाचा निळा प्रकाश हॅलाइडने मंदावतो हे पदवीच्या प्रात्यक्षिकात आपण पाहिले असेल. धुण्यानंतरही संयुगाचा काही अंश पेशींच्या पटलात किंवा खळग्याच्या तळाशी राहिला असेल आणि आयोडाइड त्यालाच विझवत असेल, तर आलेखात घट दिसेल आणि चॅनेलचा त्याच्याशी काडीचाही संबंध नसेल. ओळखायचे कसे? अशी घट द्रावण सोडताक्षणी पायरीसारखी येते आणि मग रेषा सपाट होते. चॅनेलमधून आयोडाइड शिरत असेल तर उतार काही सेकंद चालतो. आपण केवळ शेवटचा आकडा पाहत असाल तर हा फरक कधीच दिसणार नाही. अकराही आलेख कागदावर छापून समोर ठेवावेत, ही माझी जुनी आणि थोडी हट्टाची सूचना आहे.

शोषणाच्या बाबतीत एक अपवाद मात्र ध्यानात ठेवावा. मूळ वाचन इतके खाली गेले असेल की ते यंत्राच्या पार्श्वभूमीच्या जवळ येते, तर पार्श्वभूमी वजा करताना झालेली बारीक चूकही टक्केवारीत फुगून दिसते. माझा स्वतःचा नियम असा की मूळ वाचन नियंत्रणाच्या निम्म्याहून खाली असेल तर त्या खळग्यावर मत द्यायचेच नाही.

याखेरीज रंगाशी संबंध नसलेली कारणे आहेत आणि माझ्या अनुभवात हिटची बहुतेक हानी तीच करतात. संयुग विषारी असेल तर २४ तासांत पेशींची पकड ढिली होते आणि आयोडाइडचे द्रावण जोराने सोडताच त्या सुटून वाहून जातात. प्रकाश कमी होतो तो पेशीच उरल्या नाहीत म्हणून. यावर उपाय फुकटचा आहे: त्याच संयुगाच्या खळग्यात आयोडाइडऐवजी नेहमीचे क्लोराइडचे द्रावण त्याच वेगाने सोडावे. प्रकाश तरीही घसरला, तर तो हिट नव्हे. दुसरे असे की आयोडाइडला आत शिरायला सीएफटीआर हाच एक दरवाजा नाही. कॅल्शियमने उघडणारे टीएमईएम१६ए हे चॅनेल २००८ मध्ये ओळखले गेले, त्यातूनही आयोडाइड छान जाते. म्हणून वायएफपी आहे पण सीएफटीआर नाही अशा मूळ पेशींत तीच अकरा संयुगे तपासावीत, आणि सीएफटीआर असलेल्या पेशींत सीएफटीआरआयएनएच-१७२ हा रोधक १० मायक्रोमोलर घालून घट नाहीशी होते का ते पाहावे. वायएफपीही नाही आणि सीएफटीआरही नाही अशा पेशी मिळाल्या तर वर सांगितलेली ‘पायरी’ तिथे उघडी पडेल.

क्रम विचारला आहे म्हणून: क्लोराइड सोडणे, मूळ पेशी, रोधक, या क्रमाने जावे. तिन्ही मिळून दोन दिवसांचे काम आहे.

---

स्फटिक

वरील उत्तरातील भौतिकशास्त्राशी मी पूर्ण सहमत आहे, क्रमाशी मात्र नाही. मी रसायनवाला असल्यामुळे माझा पहिला प्रश्न असा की त्या खळग्यात आपण समजता ते संयुग खरोखर आहे का? संचातली द्रावणे डायमिथाइल सल्फॉक्साइड या द्रावकात किती काळ पडून आहेत, किती वेळा गोठवून पुन्हा वितळवली आहेत, हे आपण लिहिलेले नाही. फ्लेव्होनॉइड आणि पॉलिफिनॉल वर्गातील रेणू हवेशी संयोग पावून बदलतात. तेव्हा दोन दिवस पेशींवर घालवण्याआधी अकराही संयुगांची नवी पूड मागवावी, तिची शुद्धता पाहावी आणि तिच्यापासून ताजे द्रावण करावे. पेशींवरच्या नियंत्रणांची खरी किंमत त्यानंतर.

कर्क्युमिनबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण या विशिष्ट प्रथिनाच्या बाबतीत हळदीचा इतिहास आपल्याला ठाऊक असणे आवश्यक आहे. येल विद्यापीठातील एका गटाने २००४ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध केले की कर्क्युमिन दिल्यास एफ५०८डेल असलेल्या उंदरांतील दोष सुधारतो. आपल्याकडे साहजिकच आनंद झाला; स्वयंपाकघरातला डबा एकदम औषधांच्या दुकानात जाऊन बसला. परंतु त्याच वर्षी सॅन फ्रान्सिस्को येथील अ‍ॅलन व्हर्कमन यांच्या गटाने पेशींत आणि उंदरांतही असा परिणाम आढळत नाही असे दाखवले. आपण वापरता ती वायएफपी चाचणी विकसित करणाऱ्यांत हाच गट होता, ही बाब लक्षणीय आहे. पुढच्याच वर्षी आणखी एका गटाला असे दिसले की कर्क्युमिन प्रथिनाची घडी सुधारत नसले तरी पृष्ठभागावर आधीच असलेल्या सीएफटीआरला उघडण्यास चालना देते. म्हणजे करेक्टर नव्हे, पण अगदी निष्क्रियही नव्हे. २४ तासांनंतर धुतल्यावरही त्याचा अंश पटलात उरला असेल, तर आपला ‘करेक्टर’ प्रत्यक्षात शेवटच्या काही मिनिटांत चॅनेलला चालना देणारा रेणू असण्याची शक्यता आहे.

शिवाय कर्क्युमिन हा रसायनवाल्यांच्या दृष्टीने महात्रासदायक रेणू आहे. शरीराच्या सामू इतक्या, म्हणजे ७.४ च्या आसपासच्या द्रावणात तो काही मिनिटांतच विघटित होऊ लागतो. तो अनेक प्रथिनांशी सहसंयुज बंध करू शकतो, धातूंना धरतो, पटलात घुसून पटलाचेच गुणधर्म बदलतो आणि स्वतः चमकतोही. २०१० मध्ये बेल आणि हॉलोवे यांनी चाचण्यांना सर्वत्र फसवणाऱ्या रचनांची एक यादी मांडली. त्या विचारसरणीत कर्क्युमिन अगदी आदर्श उदाहरण म्हणून बसतो. २४ तासांच्या चाचणीत त्याला हिट म्हणताना आपण नक्की कोणत्या रेणूविषयी बोलतो आहोत, हाच प्रश्न उरतो.

असे असूनही सातही पिवळी संयुगे टाकून देण्यास माझा ठाम विरोध आहे. वनस्पतींतील पिवळा रंग बहुधा फ्लेव्होन आणि फ्लेव्होनॉल यांचा असतो, आणि याच कुळातील एपिजेनिनसारख्या रेणूंचा सीएफटीआरवर परिणाम होतो हे १९९० च्या दशकापासून माहीत आहे. आपण चालना देण्यासाठी वापरता ते सोयाबीनमधील जेनिस्टीनही त्यांचेच सख्खे भावंड आहे. रंगावरून रेणूला शिक्षा देणे म्हणजे साक्षीदाराच्या सदऱ्यावरून निकाल देण्यासारखे आहे.

एक विषयांतर, पण फार दूरचे नाही. आपल्या द्रावणातले फोर्स्कोलिन कोलियसच्या, म्हणजे आपल्या अंगणातल्या ओव्याच्या पानाच्या कुळातल्या, एका वनस्पतीच्या मुळांतून १९७० च्या दशकात वेगळे करण्यात आले, आणि त्या कामाचा मोठा भाग मुंबईतील हेक्स्ट कंपनीच्या संशोधन केंद्रात झाला. जगभर जिथे जिथे सीएफटीआर उघडून पाहतात, तिथे तो खळगा मुंबईच्या त्या कामाचा ऋणी असतो.

आणखी एक व्यावहारिक बाब. १० मायक्रोमोलरला बरीच संयुगे विरघळलेली नसतात, त्यांचे सूक्ष्म पुंजके झालेले असतात. शुद्ध प्रथिनाच्या चाचणीत ट्रायटन या साबणासारख्या द्रव्याचा एखादा थेंब घालून हे पकडता येते. जिवंत पेशींवर ती चैन नाही, कारण पेशीच फुटतील. तेव्हा मात्रेचा आलेख काढावा. १० ला पूर्ण परिणाम आणि ५ ला शून्य, अशी कड्यासारखी रेषा आली तर मला ती विश्वसनीय वाटत नाही.

---

तिसरी_प्लेट

‘स्फटिक’ यांचा क्रमाविषयीचा आक्षेप मी अर्धा मान्य करतो. नवी पूड मागवावीच. पण ती यायला आपल्याकडे तीन आठवडे लागतात आणि क्लोराइडची चाचणी आज दुपारी होते. अकरापैकी चार संयुगे आज दुपारीच गळाली तर चार पुडींचे पैसे वाचतील. विद्यार्थ्याच्या अनुदानात ही रक्कम क्षुल्लक नसते.

---

श्वासनलिका

मी बालरोगतज्ज्ञ आहे, प्रयोगशाळेत माझा वावर नाही. तरीही या विषयाचे रुग्णाच्या बाजूचे टोक इथे जोडावेसे वाटते.

ज्या चाचणीविषयी आपण बोलत आहात, तिच्या भावंडातूनच खरी औषधे निघाली. सीएफटीआरचे जनुक १९८९ मध्ये सापडले. १९९० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतील सिस्टिक फायब्रोसिस फाउंडेशनने सॅन दिएगो येथील ऑरोरा बायोसायन्सेस या कंपनीला अर्थसाहाय्य देऊन संयुगांची चाळणी सुरू करवली. प्रतिदीप्त प्रथिनांवरील कामासाठी पुढे २००८ मध्ये नोबेल मिळालेले रॉजर त्सिएन हे या कंपनीच्या संस्थापकांपैकी एक होते. २००१ मध्ये ती कंपनी व्हर्टेक्स या औषध कंपनीने विकत घेतली. त्यांची पद्धत आपल्यापेक्षा वेगळी होती: पेशीच्या पटलावरील विद्युतदाब बदलला की दोन रंगांमधले ऊर्जेचे हस्तांतरण बदलते आणि दोन्ही रंगांच्या प्रकाशाचे गुणोत्तर मोजले जाते. त्या वाटेने आयव्हाकाफ्टर हे चॅनेल उघडण्यास मदत करणारे औषध मिळाले आणि जानेवारी २०१२ मध्ये त्याला अमेरिकेत मान्यता मिळाली, तीही एफ५०८डेलसाठी नव्हे, तर जी५५१डी या तुलनेने विरळ बदलासाठी, कारण तिथे प्रथिन पृष्ठभागावर पोहोचलेले असते, फक्त उघडत नाही. त्या औषधाच्या मोठ्या चाचणीत २४ आठवड्यांनी फुप्फुसाची क्षमता, एफईव्ही-१ या मापाने, प्लासिबोच्या तुलनेत १०.६ टक्के-अंकांनी सुधारली आणि घामातील क्लोराइड लिटरमागे सुमारे ४८ मिलिमोलने उतरले. ज्या आजाराचे निदानच घामातील क्लोराइड ६० च्या वर आहे की नाही यावरून करतात, तिथे ४८ चा उतार म्हणजे काय, हे ज्याने अशी मुले पाहिली आहेत त्याला सांगावे लागत नाही.

एफ५०८डेलची वाट कितीतरी अवघड निघाली. ल्युमाकाफ्टर या पहिल्या यशस्वी करेक्टरने रुग्णांच्या श्वासनलिकेच्या पेशींत क्लोराइडचे वहन निरोगी पेशींच्या जेमतेम १४ टक्क्यांपर्यंत नेले. एकटा करेक्टर पुरेसा ठरत नाही हे पुढे स्पष्ट झाले आणि ऑक्टोबर २०१९ मध्ये तीन औषधांच्या मिश्रणाला मान्यता मिळाली. तेव्हा आपल्या ११ पैकी एखादे संयुग ल्युमाकाफ्टरच्या निम्मे जरी चालत असले, पण ल्युमाकाफ्टरसोबत दिल्यावर त्याच्या परिणामात भर घालत असेल, तर ते मला एकट्याने चमकणाऱ्या संयुगापेक्षा अधिक महत्त्वाचे वाटेल. हे आपण तपासता का?

दुसरी बाब भारताची. आपल्याकडे हा आजार दुर्मिळ समजला जातो, बराचसा निदानाविना राहतो, आणि निदान झालेल्यांत एफ५०८डेलचे प्रमाण युरोपीय वंशाच्या रुग्णांपेक्षा कमी असून इतर बदल पुष्कळ विखुरलेले आढळतात. अशा विरळ बदलांसाठी मोठ्या रुग्णचाचण्या होणे जवळजवळ अशक्य असते. म्हणूनच मे २०१७ चा अमेरिकी औषध प्रशासनाचा निर्णय मला फार महत्त्वाचा वाटतो: आयव्हाकाफ्टरची मान्यता त्यांनी आणखी २३ बदलांपर्यंत वाढवली ती प्रयोगशाळेतील पेशींवरच्या मोजमापाच्या आधारे, आणि त्या पेशी एफआरटीच होत्या. मात्र मोजमाप प्रकाशाचे नव्हते. ते पेशींच्या थरातून वाहणाऱ्या विद्युतप्रवाहाचे होते.

---

कातरवेळ

सर्वांचे मनापासून आभार. उत्तर द्यायला उशीर झाला, कारण आधी प्रयोग करून मगच लिहावे असे ठरवले होते. अकराचा हिशेब देते.

क्लोराइडचे द्रावण सोडल्यावर चार संयुगांत प्रकाश तसाच घसरला. त्या खळग्यांखाली सूक्ष्मदर्शक लावला तर पेशींचा गालिचा जागोजागी फाटलेला दिसला, एका खळग्यात तर तो कडेला गुंडाळला गेला होता. या चारांपैकी दोन संयुगे रंगहीन होती, हे सहकाऱ्याला मी मुद्दाम दाखवले. सीएफटीआर नसलेल्या पेशींत आणखी दोन संयुगांनी प्रकाश विझवला, म्हणजे त्यांची वाट दुसरीच कुठलीतरी आहे, दोन्ही पिवळी. उरली पाच.

कर्क्युमिनचा आलेख छापून पाहिला तेव्हा मला थोडी लाज वाटली, कारण ‘पायरी’ अगदी ढळढळीत होती: पहिल्याच नोंदीत निम्म्याहून अधिक घट आणि नंतर रेषा जवळजवळ आडवी. साध्या एफआरटी पेशींत, जिथे वायएफपी नाही, तिथेही तीच पायरी लहान प्रमाणात आली. मी आजवर बाराव्या सेकंदाचा आकडा घेऊन तक्ता भरत होते. आता पहिल्या सेकंदाचा बदल वगळून पुढच्या पाच सेकंदांचा उतार घेते आणि सगळ्या ३२० संयुगांचा हिशेब त्याप्रमाणे पुन्हा केला आहे. शिवाय ज्यांचे मूळ वाचन नियंत्रणाहून दीडपटीपेक्षा अधिक होते, अशी सहा संयुगे ‘निकाल राखून ठेवला’ या रकान्यात गेली आहेत.

उरलेल्या चारांची नवी पूड अपेक्षेपेक्षा लवकर आली. त्यांपैकी दोनांचा परिणाम ताज्या द्रावणात आलाच नाही. जुन्या द्रावणात अजूनही येतो. त्या जुन्या नळीत काय तयार झाले आहे याचे मला आता फार कुतूहल आहे, पण मॅडमनी तो विषय सध्या बाजूला ठेवायला सांगितले आहे. राहिली दोन संयुगे, एक रंगहीन आणि एक पिवळे फ्लेव्होनॉल. रोधक घातल्यावर दोन्हींचा उतार नाहीसा होतो आणि मात्रेचा आलेख दोन्हींत हळूहळू चढतो. ल्युमाकाफ्टरसोबत रंगहीन संयुग काही भर घालत नाही, फ्लेव्होनॉल थोडी घालते.

आता दोन प्रश्न उरतात. पिवळ्या संयुगाने खरोखर घडी सुधारली, की ‘स्फटिक’ यांनी म्हटल्याप्रमाणे ते केवळ शेवटच्या मिनिटांत चॅनेल उघडते आहे, हे प्रकाशाशिवाय कसे ठरवावे? आणि आमच्या विभागात उस्सिंग चेंबर, म्हणजे पेशींच्या थरातून वाहणारा विद्युतप्रवाह मोजणारे उपकरण, नाही. शेजारच्या संस्थेतले दोन दिवसांसाठी मिळण्याजोगे आहे. त्या दोन दिवसांत काय काय बसवावे?

---

स्फटिक

जुन्या नळीचा नमुना फेकू नका. लेबल लावून उणे ८० ला ठेवा आणि कधीतरी मला कळवा.

---

तिसरी_प्लेट

पहिल्या प्रश्नाला उत्तर वेस्टर्न ब्लॉट, म्हणजे प्रथिने आकारानुसार वेगळी करून हवे ते प्रथिन पट्ट्याच्या रूपात पाहण्याची पद्धत. सीएफटीआरवर साखरेच्या साखळ्या बसतात: पेशीच्या आतच अडकलेले प्रथिन सुमारे १५० किलोडाल्टनजवळ बी-पट्टा म्हणून दिसते आणि गॉल्जी या पेशीतील प्रथिने पक्की करणाऱ्या भागातून पार होऊन पक्के झालेले प्रथिन १७० ते १८० च्या दरम्यान सी-पट्टा म्हणून. एफ५०८डेलमध्ये सी जवळजवळ नसतोच. आपल्या फ्लेव्होनॉलने २४ तासांत सी-पट्टा उगवला तर घडी सुधारली. न उगवता उतार वाढला तर ते फक्त उघडते आहे. तुलनेसाठी एक नमुना ल्युमाकाफ्टरचा घ्यावा आणि एक, कोणतेही औषध न घालता, २७ अंशांवर रात्रभर ठेवलेल्या पेशींचा. थंडीत एफ५०८डेलची घडी आपोआप काहीशी सुधारते हे १९९२ पासून माहीत आहे आणि रसायनाचा संबंध नसलेले हे नियंत्रण कोणत्याही संशयापलीकडचे असते. त्याच पेशींत, संयुग २४ तास न ठेवता, केवळ मोजण्याआधी दहा मिनिटे घालून वायएफपीचा उतारही पाहावा. परिणाम दहा मिनिटांतच पूर्ण आला, तर उत्तर ब्लॉटच्या आधीच मिळेल.

दुसऱ्या प्रश्नाविषयी. दोन दिवस कमी आहेत, तेव्हा पेशी आपल्याच प्रयोगशाळेत सच्छिद्र पडद्यांवर आधीच वाढवून न्याव्यात आणि थराचा विद्युतरोध पुरेसा चढल्याखेरीज निघूच नये. गळका थर चेंबरमध्ये काहीही दाखवतो. एफआरटी पेशींत तळाकडील पटल अ‍ॅम्फोटेरिसिन-बीने सच्छिद्र करून थराच्या दोन बाजूंच्या क्लोराइडच्या प्रमाणात फरक ठेवतात, म्हणजे मोजलेला प्रवाह वरच्या पटलातील सीएफटीआरचाच राहतो. पहिल्या दिवशी फक्त नियंत्रणे: द्रावक, ल्युमाकाफ्टर, २७ अंश. ती जमली नाहीत तर दुसऱ्या दिवशी संयुगे काढूच नयेत. जमली, तर दुसऱ्या दिवशी फ्लेव्होनॉल एकटे, ल्युमाकाफ्टर एकटे, दोन्ही एकत्र, प्रत्येकी किमान तीन पडदे. फोर्स्कोलिन, मग जेनिस्टीन, शेवटी रोधक, याच क्रमाने घालावे आणि रोधकाने जितका प्रवाह खाली आला तितकाच सीएफटीआरचा म्हणून लिहावा. रंगहीन संयुगासाठी वेळ उरेल असे मला वाटत नाही.

चेंबरची इलेक्ट्रोड आणि आगरचे पूल (इलेक्ट्रोड व द्रावण यांना जोडणाऱ्या नळ्या) त्यांच्याकडे ताजे आहेत का, हे जाण्याआधी दूरध्वनी करून विचारावे. आम्ही एकदा ते न विचारता पाच तासांचा प्रवास करून गेलो होतो आणि दोन्ही दिवस पूल ओतण्यातच गेले.